एका वाटीची बाई

"दिवसभर नुसतं उभं राहायचं? बस, एवढंच?"

मेलबर्नच्या मराठी मंडळातला एकही गणपती असा गेला नाही, की हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. विचारणारे बहुतेक आमच्या ह्यांचे मित्र. सगळे आयटीवाले, दिवसभर खुर्चीत बसणारे. एकानं तर तोंडावर म्हटलं होतं, "वहिनी, बी.ए. हिस्टरी करून वॉचमन?" मी त्याला दुसरा मोदक वाढला नाही.

हो, एवढंच. सतरा वर्षं मी इथल्या एका मोठ्या आर्ट गॅलरीत उभी राहिले. गॅलरीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात त्यांची काही चूक नव्हती आणि माझी होती. आता निवृत्त झाले आहे, त्यामुळे भीडभाड ठेवायचं कारण उरलेलं नाही.

आधी काम काय असतं ते सांगते. काळी पँट, काळा कोट, कानात वायरलेसचं बोंड. सकाळी दारं उघडायच्या आधी टॉर्च घेऊन आपल्या खोलीतलं प्रत्येक चित्र आणि प्रत्येक फ्रेम बघायची. कुठं टवका, कुठं डाग, कुठं धूळ. काही नसेल तर तक्त्यावर लिहायचं, 'बदल नाही'. मग दिवसभर माणसं बघायची. चित्रापुढे जमिनीवर एक रेघ असते, ती ओलांडून हात पुढं गेला की पिंपिं असा आवाज होतो. पण आवाज होतो तेव्हा उशीर झालेला असतो. आमचं खरं काम आवाजाच्या आधीचं. माणसाचा खांदा हलला की ओळखायचं, हा बोट दाखवणार आहे आणि बोट कॅनव्हासला लागणार आहे. मग गोड आवाजात म्हणायचं, "थोडं मागे, प्लीज." माणसं छत्रीनं दाखवतात, पेन्सिलीनं दाखवतात, एकानं कडेवरच्या बाळाच्या पायानं दाखवलं होतं. बाकी वेळ टॉयलेट कुठं आहे ते सांगण्यात जातो.

आम्ही चित्रांविषयी बोलायचं नाही, असा नियम. त्यासाठी गाइड असतात. आमच्याकडे त्या फुकट काम करणाऱ्या, मोत्याच्या माळा घातलेल्या आज्या होत्या. फार वाचलेल्या. पण नियम करणाऱ्यांनी मला कान आहेत हे लक्षात घेतलं नव्हतं. एकच भाषण आठवड्यातून सहा वेळा ऐकलं की अडाणीसुद्धा शिकतो, आणि मी अडाणी नव्हते.

माझी आवडती खोली डच चित्रांची. राजे नाहीत, लढाया नाहीत, पंखवाले देवदूत नाहीत. नुसती घरं. कुणी सफरचंद सोलतंय, कुणी कपाटात घडी केलेल्या चादरी ठेवतंय, कुणी पोराच्या डोक्यातल्या उवा काढतंय. साडेचारशे वर्षांपूर्वी त्या लोकांनी चर्चमधली चित्रं काढून टाकली आणि देवाला घरात आणलं, असं गाइड सांगायच्या. मग घरातली प्रत्येक वस्तू काहीतरी सांगू लागली. केरसुणी म्हणजे स्वच्छ मन. वाळूचं घड्याळ म्हणजे आयुष्य सरतंय. उघडा पिंजरा म्हणजे पोरगी हातची गेली.

ह्यावर तिथल्या विद्वानांची भांडणं आहेत, तेही मी उभ्या उभ्या ऐकलं. एक पक्ष म्हणतो, प्रत्येक वस्तूत उपदेश दडलेला आहे. दुसरा म्हणतो, काही दडलेलं नाही, केरसुणी ही केरसुणी. मला दोघांचं हसू यायचं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात, आणि दुसऱ्या दिवशी तिनंच अंगण झाडतात. ती लक्ष्मी की केरसुणी, असं माझ्या आईला कुणी विचारलं असतं तर तिनं त्याला अंगण झाडायला लावलं असतं.

मी सांगतेय ती वर्षं म्हणजे आपली मुलं इथं लोंढ्यानं शिकायला येत होती ती. कुणी स्वयंपाक शिकायला, कुणी केस कापायला, कुणी अकाउंटिंग, आणि खरं म्हणजे सगळी पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, मिळवायला. क्लेटनमध्ये तीन खोल्यांच्या घरात आठ-आठ जण राहायचे. रविवारी ही मुलं गॅलरीत यायची, कारण प्रवेश फुकट, आत हीटर आणि टॉयलेट स्वच्छ. आमचे गोरे सहकारी नाक मुरडायचे, की ही पोरं चित्रं बघायला येत नाहीत. मी म्हणायचे, बाकीचे तरी कुठं बघतात? ते फोटो काढतात.

आणि ही पोरं बघायची. त्या खोलीत एक चित्र होतं: पलंगाशी बसलेली तरुण बाई पत्र वाचतेय आणि जमिनीवर तिच्या दोन सपाता पडल्यात, एक उलटी. गाइड आवाज खाली आणून सांगायच्या, की हिचं वागणं ठीक नाही, हा त्याचा इशारा. आपली पोरं मात्र भाषणाची वाट बघत नसत. "अरे, चप्पल उलटी आहे, भांडण होणार ह्या घरात!" नाशिकचा असो की नागपूरचा, हे वाक्य ठरलेलं. एकजण तर नकळत वाकला होता, सरळ करायला. पिंपिं.

केतकी त्यातलीच. कराडची मुलगी, हॉस्पिटॅलिटी शिकत होती आणि डँडेनॉन्गला एका मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरत होती. पहिल्यांदा दिसली तेव्हा माझ्या खोलीतल्या बाकावर बसून डब्यातले पोहे खात होती. मी तिच्याजवळ जाऊन मराठीत म्हटलं, "इथं खायचं नसतं गं." ती एवढी दचकली की डबा माझ्या हातात देऊन उभी राहिली. वडील ती शाळेत असतानाच गेले होते, आई शिवणाचे क्लास चालवायची. तेव्हापासून केतकी दर रविवारी यायची. बसायची एकाच चित्रासमोर.

ते चित्र छोटं होतं, आणि चित्रकाराचं नाव गाइडांनाही धड उच्चारता यायचं नाही. एक म्हातारी टेबलाशी बसली आहे. पुढ्यात पाव, सुरी आणि वाफाळणारी वाटी. हात जोडलेत, डोळे मिटलेत. कमरेला किल्ल्या, मागं कोनाड्यात वाळूचं घड्याळ, कोपऱ्यात केरसुणी. जेवायच्या आधी देवाचं नाव घेतेय. फ्रेम काळ्या लाकडाची, नक्षीदार.

"काकू, ही माझ्या आईसारखी दिसते," केतकी म्हणायची. दिसत काही नसणार. पण परगावी गेलेल्या मुलीला मी ते कशाला सांगू?

मग एका हिवाळ्यात आईच आली. सुशीलाताई. मुलीनं कारखान्यात जादा शिफ्ट करून तिकीट पाठवलं होतं. सकाळी दोघी देवळात जाऊन थेट गॅलरीत आल्या. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, वर लेकीचं जॅकेट, पायात लेकीचेच बूट, एक नंबर मोठे. कपाळाला बारीकशी लाल टिकली.

"काकू, ही आई," केतकी म्हणाली, "आणि आई, ह्या त्या काकू, ज्यांनी माझा डबा जप्त केला."

सुशीलाताई हसल्या, मग चित्रासमोर उभ्या राहिल्या. मीही शेजारी जाऊन, नियम मोडून, ऐकलेलं सगळं सांगितलं. किल्ल्या म्हणजे विश्वास, घड्याळ म्हणजे मरण जवळ आलंय, केरसुणी म्हणजे शुद्धता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एकच वाटी आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एकच वाटी. एकच चमचा. एकटीचंच ताट मांडलंय हिनं. आणि किल्ल्या अजून हिच्याच कमरेला, म्हणजे घरात सून नाही. नवरा नाही हिला, बाई. गेलाय." मग म्हणाल्या, "तरी बघा, चटणीमीठ काय असंल ते, हात जोडूनच जेवतीय."

चार वर्षं मी त्या चित्रासमोर उभी होते. मोत्यांच्या माळांनी मला वाळूचा कण न् कण समजावला होता. ती वाटी मला कुणी दाखवली नव्हती आणि मलाही दिसली नव्हती. लाजच वाटली.

निघायची वेळ झाली. सुशीलाताईंनी पर्समधून देवळातली कुंकवाची पुडी काढली. "या, कुंकू लावते," म्हणाल्या. मी वाकले. त्यांनी लावलं. मग मी रीतीप्रमाणे त्यांना लावायला पुडीकडे हात नेला आणि मधेच थांबले. थांबले ते का, हे त्यांना बरोबर कळलं.

"लावा की," त्या म्हणाल्या. "हिचे वडील गेल्यावर दहा वर्षं मला कुणी लावलं नाही. हळदीकुंकवाला बोलवायच्या, ते वाण बांधायला. मग एक दिवस मीच पुडी घेऊन निघाले. जिला कुणी लावत नाही तिला मी लावते. गावात बायका आधी तोंडं फिरवायच्या. आता त्यातल्याच दोघी विधवा झाल्या, त्या माझी वाट बघतात."

मी लावलं. 

सुशीलाताई वळल्या. चित्राकडे बघून म्हणाल्या, "आणि घरच्या बाईला न लावता कसं निघायचं?" दोन पावलं पुढं गेल्या आणि बोटावरचं कुंकू फ्रेमच्या खालच्या पट्टीवर मधोमध टेकवलं. तेच बोट मग स्वतःच्या कपाळाला लावून नमस्कार केला. पिंपिं, पिंपिं, पिंपिं.

पुढचं सगळं मिनिटात झालं. दोन गार्ड पळत आले, खोली बंद झाली, सुशीलाताईंना बाकावर बसवलं. त्यांना वाटत होतं, आवाज कुठल्या तरी दुसऱ्याच गोष्टीचा आहे. केतकी पांढरीफटक. "काकू, पोलीस बोलावतील का? माझा व्हिसा... आईचा व्हिसा... काकू, प्लीज." त्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात हीच भीती बसलेली होती. ट्रॅमचं तिकीट विसरलं तरी त्यांना वाटायचं, पीआर गेली.

आमचा सुपरवायजर ग्लेन. माणूस वाईट नव्हता, उलट माझ्या भल्याचंच बोलत होता. मी तेव्हा कॅज्युअल होते, म्हणजे बोलावतील तेव्हा काम, आणि त्याच महिन्यात कायम होणार होते. ग्लेननं मला ऑफिसात बसवलं, फॉर्म पुढं सरकवला. त्यात दोन चौकटी: 'चुकून' आणि 'मुद्दाम'.

"हे बघ मेट, मी कॅमेरा बघितला," तो म्हणाला. "ती चालत गेली, हात लावला, रंग फासला. मुद्दाम. तू टिक कर, सही कर. पोलीस येतील, दोन प्रश्न विचारतील, ती तिच्या देशात परत जाईल. तुझ्यावर काही येत नाही. नो वरीज."

"आणि 'चुकून' लिहिलं तर?"

"तर तू काय करत होतीस, असं विचारतील. तू चार फुटांवर होतीस. मग चूक तुझी."

"तो रंग नव्हता."

"मग काय होतं?"

ते मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. पाहुणी निघताना घरातल्या बाईला लाल पूड लावते, मान म्हणून. ग्लेननं दोन्ही हात वर केले. "चित्रातल्या बाईला?"

"चित्रातल्या बाईला."

"हे मी वरच्या लोकांना नाही सांगू शकत," तो म्हणाला आणि मला एकटीला विचार करायला सोडून कॉफी आणायला गेला.

त्या खुर्चीत मला माझी काकू आठवली. मी चौदा वर्षांची, नाशिकच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू, आणि पहिल्यांदाच कुयरी माझ्या हातात दिलेली. काकूनं पहाटेपासून तिळाच्या वड्या थापल्या होत्या. काका जाऊन वर्ष झालं होतं. ओळीनं बायकांना लावत मी दारापाशी आले. तिथं काकू वड्यांचं ताट घेऊन उभी होती. तिनं कपाळ किंचित पुढं केलं, की मला तसं वाटलं, देव जाणे. मला कुणी डोळ्यांनी खुणावलंसुद्धा नाही. मीच तिला गाळलं आणि शेजारच्या बाईला लावलं. काकू ताट घेऊन आत गेली आणि परत बाहेर आली नाही. ती वारली तेव्हा मी इथं मेलबर्नला होते.

ग्लेन परत येईपर्यंत मी फॉर्म भरला होता. 'चुकून' ह्या चौकटीत टिक. खाली लिहिलं: "ह्या बाईंनी आदरानं फ्रेमला हात लावला. त्यांच्या बोटाला पूड होती, कारण त्यांनी ती माझ्या कपाळाला लावली होती. मी त्यांना रेघेबद्दल सांगितलं नाही. माझं लक्ष नव्हतं. चूक पूर्णपणे माझी आहे."

ग्लेननं माझ्या कपाळाकडे पाहिलं. पुसलं नव्हतं मी.

"मूर्ख आहेस," तो म्हणाला आणि सही केली.

सुशीलाताई आणि केतकी त्या दुपारी ट्रेननं क्लेटनला गेल्या. पोलीस आले नाहीत. मला लेखी ताकीद मिळाली, कायम व्हायचं लांबलं, आणि सव्वा वर्ष मी क्लोकरूममध्ये लोकांचे ओले कोट आणि बॅगा सांभाळल्या. मंडळात ही गोष्ट पोचायला आठवडा पुरला. "वहिनींच्या नाकासमोर चित्राला कुंकू लावलं, आणि वहिनी बघत राहिल्या!" ह्या वाक्यावर पाच गणपती लोक हसले. आमचे हेसुद्धा हसायचे. घरी आल्यावर म्हणायचे, "तू इतकी वेंधळी कशी झालीस त्या दिवशी?" मी आमटीला फोडणी द्यायचे.

सव्वा वर्षानं मला ती खोली परत मिळाली. पहिल्याच सकाळी टॉर्च घेऊन म्हातारीपाशी गेले. फ्रेमची साफसफाई हेलन नावाच्या बाईनं केली होती. चित्रांची डागडुजी हा तिचा व्यवसाय, कापसाची बारीक काडी घेऊन तासन्‌तास काम करणारी. फ्रेम चकचकीत होती. पण खालच्या पट्टीच्या मधोमध, नक्षीच्या एका पानाच्या खाचेत, टॉर्च तिरका धरला तरच दिसेल असा एक लाल कण होता.

माझं काम होतं तो कळवणं. दुपारी कँटीनमध्ये हेलन भेटली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "त्या पुडीबद्दल मी वाचलं. पाहुणी घरच्या बाईला लावते, ना?"

"हो. निघताना."

"मी फार कसून साफ केलं," हेलन म्हणाली, माझ्याकडे न बघता. "पण त्या लाकडाच्या खाचा फार खोल आहेत." आणि सूप प्यायला लागली.

तेव्हापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत ती खोली माझी असली, की मी टॉर्च मारून आधी तो कण बघायचे आणि तक्त्यावर लिहायचे, 'बदल नाही'. केतकीला पीआर मिळाली. आता ती गिलाँगला एका हॉटेलचं स्वयंपाकघर चालवते, आणि सुशीलाताई तिच्याकडे असतात. परवा फोनवर म्हणाल्या, "त्या बाईला कुणी लावतं का हो अधूनमधून?"

आता राहिली माझी गोष्ट. मी फॉर्मवर लिहिलं, माझं लक्ष नव्हतं. ग्लेननं ते मानलं, कारण कॅमेऱ्यात माझी पाठ दिसते, डोळे दिसत नाहीत. मंडळानंही मानलं, आमच्या ह्यांनीही. हे वाचतील तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळेल.

माझं लक्ष होतं. सुशीलाताईंचा खांदा हलला तेव्हाच मला कळलं होतं, हा हात कुठं जाणार. ते ओळखण्याचाच मला पगार मिळायचा. दोन पावलं होती. "थोडं मागे, प्लीज" म्हणायला भरपूर वेळ होता, आणि ते शब्द माझ्या तोंडात आलेही होते. मी ते गिळले. उभी राहिले, आणि त्या एका वाटीच्या बाईला कुंकू लागेपर्यंत बघत राहिले.